चाकांवरचा संसार

या खेपेला लोणची-मुरंबे बाजूला ठेवले आहेत. देवरीच्या एका भगिनीचं पत्र आलं आहे, चांगलं चार पानी. ते वाचल्यापासून माझं कशात लक्ष नाही, कारण ती ज्या वाटेनं निघाली आहे त्या वाटेनं मी स्वतः जाऊन पाय पोळून आले आहे.

तिचं म्हणणं थोडक्यात असं. तिच्या यजमानांना नागपूरकडे एक जुनी मोठी बस मिळते आहे, साडेचार लाखांना. आत पलंग, ओटा, मोरी करून तिचं फिरतं घर करायचं आणि मुलांना सुट्टीत देश दाखवायचा, असं त्यांच्या मनानं घेतलं आहे. रात्र रात्र मोबाइलवर परदेशी लोकांच्या तसल्या बसगाड्या बघत बसतात म्हणे. पैसे कुठले? तर तिच्या वडिलांनी तिच्या नावानं ठेवलेली ठेव मोडून. नाही म्हटलं की घरात अबोला, हो म्हणायला जीव घाबरतो. “ताई, तुम्हीच सांगा,” असं तिनं शेवटी लिहिलं आहे.

सांगते. पण आधी आमच्या बसची गोष्ट ऐका.

२०२२ सालची दिवाळी नुकतीच झाली होती. कोरोनाच्या दोन वर्षांत शाळांच्या कितीतरी बसगाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या आणि मग विकायला निघाल्या, हे तुम्हीही पाहिलं असेल. तशीच एक लहान बस, २००८ सालची, सव्वीस आसनांची, ह्यांच्या एका ओळखीच्यांनी दाखवली. किंमत एक लाख पस्तीस हजार. हे घरी आले ते बसचं चित्रच काढून आणलं होतं कागदावर. इथं ओटा, इथं आईचा पलंग, इथं मुलांच्या खाली-वर दोन बर्थ.

आता खरं सांगते, मी भुलले ती ओट्याला नाही. मी भुलले ती चित्राच्या मागच्या कोपऱ्यातल्या चौकोनाला. तिथं ह्यांनी लिहिलं होतं, ‘आईसाठी संडास’.

माझ्या सासूबाईंचे गुडघे गेले आहेत. खाली बसता येत नाही, बसल्या तर उठता येत नाही. घरी आम्ही कमोड बसवून घेतला, पण घराबाहेर काय? एसटीत १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, सगळ्या नणंदा-भावजया उठल्यासुटल्या माहेरी जाऊ लागल्या. ह्यांचं माहेर अर्जुनी मोरगावकडे, फार लांबही नाही. पण त्या निघत नाहीत. निघायचं म्हटलं की आदल्या दिवसापासून पाणी पिणं बंद करतात. “मले नका नेऊ कुठं. माह्यासाठी तुमी कुठं आडोसा शोधत फिराल?” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सख्ख्या भावाच्या तेराव्यालाही गेल्या नाहीत. त्या दिवशी दिवसभर देवघरापाशी बसून होत्या. मी भात वाढला तो तसाच राहिला.

म्हणून मी सही केली. ठेव आमच्या मुलीच्या पुढच्या शिक्षणासाठी होती, दोन लाखांची. त्यात माझ्या अर्धवेळ शिकवण्याचा पगार बरीच वर्षं महिन्याच्या महिन्याला गेला होता. मोडायला दोघांची सही लागत होती. माझी मी केली. ह्यांनी हात धरून करून घेतली नाही, हे आधीच सांगून ठेवते.

बस आली. आणि काय सांगू, ते पहिले पंधरा दिवस! एका फॅब्रिकेटरच्या आवारात ती उभी केली, सगळी आसनं काढून टाकली. मुलं शाळेतून थेट तिकडेच. सासूबाई सुद्धा एका रविवारी खुर्ची टाकून बसल्या आणि मग त्यांनी जे सांगायला सुरुवात केली ते ऐकून मी वहीच काढली.

त्यांच्या लहानपणी शिवरात्रीला प्रतापगडच्या यात्रेला सगळं घर बंडीनं जायचं. खाली तणसाचा जाड थर, त्यावर वाकळ, वर बांबूच्या तट्ट्यांचं छत. जाताना आणि येताना मुक्काम बंडीतच. गडावर महादेव, तिथंच दर्गाही, आणि दोन्हीकडे माथा टेकून मंडळी खाली आपापल्या बंडीशी येऊन चूल मांडायची. म्हणजे परदेशी लोक ज्याला आज कौतुकानं नाव देतात, ते आमच्या झाडीपट्टीत आजी-पणजीच्या काळापासून होतंच की! आजही वडशाच्या नाटक मंडळ्या धान निघालं की गावोगाव फिरतात. त्यांतल्या बायका रात्रभर नाटक करून दिवसा गाडीतच अंग टाकतात. त्यांना विचारा चाकांवरचा संसार कसा असतो ते.

तर सासूबाईंचे नियम. पहिला, जड सामान खाली आणि मधोमध. मागं जड झालं की बंडी उलाळ होते, जू वर उचलतं. बसलाही तेच लागू आहे बरं का. ह्यांच्या चित्रात पाण्याची टाकी छतावर होती, दोनशे लिटरची. मी म्हटलं, अहो, एक लिटर म्हणजे एक किलो. दोनशे लिटर म्हणजे दोन क्विंटल, धानाची तीन-साडेतीन पोती तुम्ही डोक्यावर घेऊन वळणावर गाडी वळवणार? टाकी खाली आली. दुसरा नियम, रात्री लागणारं सामान सगळ्यात शेवटी भरायचं, म्हणजे ते वर सापडतं. तिसरा, काचेचं आणि मातीचं काही न्यायचं नाही, पितळी डबे न्यायचे. मी स्टीलचे, घट्ट झाकणाचे घेतले आणि फळ्यांना पुढून चार बोटांची पट्टी मारून घेतली. तेवढ्यानं डबे घसरत नाहीत.

गॅसचं मी स्वतः वाचून काढलं. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर जात नाही, खाली जमिनीलगत साठतो. त्यामुळे खिडकी उघडी आहे म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही, हवा जायची जागा तळाशी हवी. आणि चालत्या गाडीत चूल पेटवायची नाही म्हणजे नाही. आम्ही पाच किलोची लहान टाकी घ्यायची आणि शेगडी गाडी थांबल्यावर बाहेर मांडायची असं ठरवलं. बसला मागं संकटकाळी उघडायचा दरवाजा असतो, त्यासमोर ह्यांनी मुलांचे बर्थ काढले होते. ते मी खोडले. ‘तेवढी जागा वाया’ असं हे म्हणाले, त्यावर मी काही बोलले नाही, नुसती बघत राहिले. कळलं त्यांना.

असा सगळा आनंदीआनंद चालला होता आणि कागदाचं काम एका एजंटाकडे होतं. “होऊन जाईल, वहिनी,” एवढंच तो म्हणायचा. बारा हजार घेतले त्यानं. फेब्रुवारी उजाडला, काही होईना, तेव्हा मी शाळेतून अर्धा दिवस काढून ह्यांच्याबरोबर स्वतः आरटीओच्या कार्यालयात गेले.

तिथल्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, “आसनं काढलीत?”

“काढली.”

“परवानगी?”

आम्ही एकमेकांकडे बघितलं.

मैत्रिणींनो, आता हे नीट वाचा, कारण हे आम्हाला कुणी आधी सांगितलं नव्हतं आणि आम्हीही विचारलं नव्हतं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम असं आहे की, गाडी कंपनीनं जशी बनवली आणि नोंदणी-पुस्तकात जशी लिहिली, तिच्यात मालकानं आपल्या मनानं मूळ बदल करायचा नाही. कायद्यानं जे बदल चालतात तेही रीतसर मंजुरी घेऊन, पुस्तकात नोंद करून. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानंही हेच उचलून धरलं. मग फिरत्या घराच्या गाड्या रस्त्यावर दिसतात त्या कशा? तर त्यांच्यासाठी एआयएस-१२४ नावाचं वेगळं मानक आहे. पलंग, गॅस, वीज, बाहेर पडायची वाट, सगळ्याचे नियम त्यात आहेत. त्याप्रमाणे गाडी बांधून तपासून घ्यावी लागते. ज्यांचा तो धंदाच आहे ते हे करतात. आपल्या सरकारनं २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं तेही अशा रीतसर नोंदलेल्या गाड्यांसाठी. आमच्यासारख्यांनी सुताराकडून फळ्या ठोकून घेतलेल्या गाडीला तिथं जागा नाही.

आणि समजा तशीच रेटून रस्त्यावर आणली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करू शकते. आत आपली पोरं झोपलेली असताना हा जुगार खेळायचा?

ह्यांनी एक शेवटचा प्रयत्न करून पाहिला. म्हणाले, साहेब, जुन्या ऐतिहासिक गाड्यांना सवलत असते ना? असते, पण ती २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांपेक्षा जुन्या दुचाकी आणि चारचाकींना. त्याही मूळ रूपात जशाच्या तशा राखलेल्या असल्या तरच. म्हणजे जिच्यात ओटा आणि पलंग घातला ती त्या क्षणी त्यातून बाद. आणि तशी गाडी रोजच्या वापरात आणताच येत नाही, प्रदर्शनाला वगैरे काढायची. आमची तर अवघी पंधरा वर्षांची!

हां, जुनी एसटी लिलावात घेऊ असं कुणाच्या घरी चाललं असेल तर तेही सांगून टाकते. एसटीवर आपल्या सगळ्यांचाच जीव आहे. १ जून १९४८ ला पुण्याहून तेव्हाच्या अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला पहिली गाडी सुटली, तीस आसनांची, लाकडी बांधणीची. तिथपासून एसटी घरातलीच. पण १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी नव्यानं होत नाही, त्यात परिवहन महामंडळांच्या बसही आल्या. त्या मोडीतच जायच्या. २०२० च्या टाळेबंदीत महामंडळानं स्वतः जुन्या बसच्या मालगाड्या करून घेतल्या होत्या हे खरं, पण ते महामंडळ. त्यांची दापोडी, चिकलठाणा, हिंगण्याची मोठाली वर्कशॉप आहेत, हाताशी कारागीर आहेत.

त्या दिवशी घरी येताना आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही. आठ दिवस बोललो नाही म्हणा. हिशेब मी रात्री मांडला. बस एक लाख पस्तीस हजार, प्लाय-फॅब्रिकेशन पंचेचाळीस हजार, एजंट बारा हजार. एकूण एक लाख ब्याण्णव हजार. मुलगी तेव्हा सातवीत होती. तिनं विचारलं, “आई, बस कधी सुटणार?” मी पोळ्या लाटत होते. तशीच लाटत राहिले.

मोडीवाला बेचाळीस हजार देत होता. देऊन टाकावी असं ह्यांना वाटू लागलं होतं. डोळ्यांसमोर नको म्हणत होते. पण माझ्या डोक्यात एक बातमी होती. केरळात मुन्नारच्या डेपोत २०२० च्या नोव्हेंबरात तिथल्या परिवहन महामंडळानं जुन्या बस उभ्या करून आत बर्थ टाकले आणि प्रवाशांना रात्रीच्या मुक्कामाला दिले, माणशी शंभर रुपये. एका बसमध्ये सोळा बर्थ. त्या बस कुठं जात नाहीत, उभ्याच असतात. आणि आपल्या पुण्यात उल्का सादळकर आणि राजीव खेर यांनी २०१६ पासून जुन्या शहर-बसच्या आत बायकांसाठी स्वच्छतागृहं केली, ‘ती’ नावानं. कमोड, पाणी, आरसा, बाळाला बदलायला जागा, सगळं. बसमध्ये बायकांचा संडास ही माझ्या ह्यांच्या कागदावरची खुळी कल्पना नव्हती तर!

मग म्हटलं, चालायची नाही तर न चालो. सासूबाईंच्या माहेरच्या वाटणीची थोडी बांधी त्यांच्या नावावर आहे, बोडीच्या वरच्या अंगाला. क्रेनवाल्यानं बस तिथवर ओढून नेली. नोंदणीचं काय करायचं तेही या वेळी आधी कार्यालयात विचारून रीतसर केलं. चार कोपऱ्यांना विटांचे ओटे रचून टेकवली, म्हणजे टायर बसले तरी ती बसत नाही.

आता तिच्याबद्दल दोन गोष्टी, कुणी अशी उभी खोली करणार असेल तर उपयोगी पडतील. पहिली, ऊन. आपल्याकडचा मे महिना तुम्हाला मी सांगायला नको. पत्र्याची बस दुपारी भट्टी होते, आतल्या खोबरेल तेलाची बाटली हाताला चटका देते. आम्ही आधी थर्माकोल लावणार होतो, पण ते पेट घेतं, म्हणून नको म्हटलं. छताला पांढरा रंग दिला आणि बसच्या वर, वीतभर नव्हे, चांगलं दोन हात अंतर सोडून बांबूचा मांडव घालून त्यावर तणीस टाकलं. मधून वारा खेळतो. खूप फरक पडला, तरी मे महिन्यात दुपारी आत राहता येत नाही ते नाहीच. तणसाखाली चूल मात्र कधीही नाही, ती लांब. दुसरी गोष्ट, पावसाळा. खिडक्यांची रबरं गेलेली असतात, ती आधी बदला, मग आत गादी टाका. आम्ही उलटं केलं. कापूस गेला.

आणि संडास. पाण्याचा करायचा तर खड्डा, टाकी, नळ, सगळंच आलं. आम्ही लाकडी खुर्चीला भोक पाडून खाली झाकणाची बादली ठेवली. दोन्ही बाजूंना धरायला दांडे, उंची सासूबाईंच्या गुडघ्याप्रमाणे सुताराला समोर बसवून घेतलेली. बादलीत तळाला धानाचं तूस, आणि दर वेळी वरून राख आणि तुसाचे दोन मोठे मग. गोंदियात राईस मिलला काय तोटा, तूस पोत्यानं मिळतं. वास येत नाही. मी स्वतः खात्री केल्याशिवाय लिहीत नसते. बादली रोज लांब, बोडी आणि विहीर सोडून, खोल खड्ड्यात रिकामी करून वर माती लोटायची. हे काम कुणाचं? पहिल्याच दिवशी मी विचारलं. हे म्हणाले, “माझं.” आजवर तेच करतात. त्याबद्दल माझ्याकडून पैकीच्या पैकी.

पण खरी गंमत पुढंच आहे. ती खुर्ची उचलून नेता येते! २०२४ च्या शिवरात्रीला, ८ मार्चला, आम्ही भाड्यानं जीप केली. मागं खुर्ची, बादली, तुसाचं पोतं, चार बांबू आणि जुन्या जाड चादरींचा आडोसा, पाण्याचे दोन कॅन, डब्यात जवसाची चटणी आणि दशम्या. वाटेत एका ओळखीच्या शेतात थांबून पाच मिनिटांत आडोसा उभा केला. सासूबाई त्या दिवशी सकाळी दोन पेले पाणी आणि कपभर चहा पिऊन निघाल्या होत्या. मी मोजलं होतं.

गड त्यांना चढता आला नाही. खालूनच हात जोडले. मग गाडीच्या सावलीत बसून त्यांनी त्या वर्षीची सगळी यात्रा पाहिली, बांगडीवाल्याशी घासाघीस केली, आणि परत येताना नवेगावच्या तळ्याकाठी उतरून कोहळ्यांनी हा बांध कसा घातला ते नातवंडांना सांगितलं. रात्री बसमध्येच मुक्काम. सकाळी त्यांच्या भावजयीच त्यांना भेटायला बांधीवर आल्या. दोघी बराच वेळ आत बसून होत्या. मी चहा नेला तेव्हा दोघींचे डोळे लाल होते, म्हणून नुसता ठेवून आले.

तर देवरीच्या भगिनी, तुमचं उत्तर. ठेव मोडू नका. निदान आज नाही. अबोला चार दिवस टिकेल, माझाही टिकला होता, पण गेलेली ठेव भरायला वर्षं लागतात. आम्ही दोघं मिळून महिन्याला चार हजार भरतो आहोत आणि अजून बावन्न हजार बाकी आहेत. मुलगी आता दहावीत आहे.

यजमानांना सरळ नाही म्हणू नका. त्यांना म्हणा, बसचं नोंदणी-पुस्तक घेऊन आपण दोघं आरटीओत जाऊ, एजंट नको. तिथं चार गोष्टी विचारायच्या. या गाडीची नोंदणी किती दिवस शिल्लक आहे, कर्जाचा बोजा आहे का, फिरतं घर म्हणून नोंद होईल का आणि कुणी बांधून दिलेली चालेल. उत्तर लेखी मागा. मोठी बस आहे, तेव्हा ती चालवायला जड वाहनाचा परवाना लागेल, तो त्यांच्याकडे आहे का तेही पाहा. नसेल तर सुट्टीत देश दाखवायला पगारी ड्रायव्हर बरोबर घ्यावा लागेल आणि तो कुठं झोपणार, हे त्यांच्या चित्रात आहे का बघा.

हे सगळं जुळलं, कागद हातात आला, तरीसुद्धा पैसे दोघांचे निम्मे-निम्मे. वडिलांची ठेव एकटी नको. आणि मुलांना देश दाखवायचाच असेल तर पहिल्या सुट्टीला भाड्याची गाडी घेऊन आठ दिवस जाऊन या. स्वयंपाक, भांडी, ओले कपडे, मुलांची आजारपणं, हे सगळं घरी करायचं तेच चाकांवर करावं लागतं, आणि कुणाला करावं लागतं हे तुम्हाला-मला माहीत आहे. आठ दिवसांत त्यांनाही कळेल. त्यानंतरही त्यांना बस हवी वाटली तर मला पुन्हा लिहा, तेव्हा मी तुमच्या बाजूनं ओट्याचं माप काढून देईन.

खुर्चीचं माप बऱ्याच जणी विचारतील म्हणून इथंच देते. आमच्या सासूबाईंसाठी जमिनीपासून बसायची फळी एकोणीस इंच, दांडे त्याच्या वर नऊ इंच. तुमच्या घरी ज्यांच्यासाठी करायची त्यांना घरच्या खुर्चीवर बसवून, तळपाय पूर्ण टेकतात ना ते बघून मगच सुताराला सांगा. फळी सागाची असली तर धुऊन फुगत नाही. आम्ही आंब्याची घेतली होती, ती गेल्या पावसाळ्यात बदलावी लागली.